सिंगल कास्क माल्ट व्हिस्की कशी चाखावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जमतो आणि एका वेळी एक-दोन पिंपांची व्हिस्की सावकाश चाखतो. नवीन येणारे आणि लांबून फोन करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पहिले काही अगदी प्राथमिक आहेत. अनुभवी मंडळींनी थेट सातव्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल.

१. सिंगल माल्ट आणि सिंगल कास्क एकच ना? दुकानात तर तसंच सांगतात.

एकच नाही. सिंगल माल्टमधला 'सिंगल' डिस्टिलरीबद्दल बोलतो. फक्त मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या भांड्यांत ऊर्ध्वपातन करून बनवलेली ती सिंगल माल्ट. पण बाटलीत जाण्याआधी त्या डिस्टिलरीची अनेक पिंपं, कधी शेकडो, एकत्र मिसळतात. यंदाची बाटली गेल्या वर्षीच्या बाटलीसारखीच लागावी म्हणून हे करतात, आणि ते मोठं कसब आहे.

कास्क म्हणजे पिंप. सिंगल कास्कमध्ये ही मिसळ नसते. एका पिंपात जे मुरलं तेच बाटलीत येतं. आंब्याच्या भाषेत सांगायचं तर एक पेटी अख्ख्या बागेतून निवडून भरलेली, आणि दुसरी एकाच झाडाची. बागेची पेटी दरवर्षी भरवशाची असते. एका झाडाच्या पेटीत त्या झाडाचा स्वभाव असतो, त्याच्या खोडीसकट.

आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त व्हिस्कींमध्ये मळीपासून काढलेला अल्कोहोल असतो. तो विषय वेगळा, इथली उत्तरं त्यांना लावू नका.

२. लेबलवर एवढे आकडे असतात. त्यातलं काय बघायचं?

पिंपाचा क्रमांक, पिंपाचा प्रकार, पिंप भरल्याची आणि बाटल्या भरल्याची तारीख, एकूण बाटल्या किती आणि तुमची कितवी, अल्कोहोलचं प्रमाण. प्रामाणिक सिंगल कास्कवर यातलं बरंचसं लिहिलेलं असतं. दोन तारखांवरून वय काढता येतं. स्कॉटलंडमध्ये किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात राहिल्याशिवाय व्हिस्की म्हणताच येत नाही, आणि पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं चालत नाही.

काही बाटल्यांवर डिस्टिलरीचं नावच नसतं, फक्त '१.१' असा आकडा असतो. १९८३ मध्ये एडिनबरोत सुरू झालेल्या स्कॉच माल्ट व्हिस्की सोसायटीची ही पद्धत आहे. टिंबाआधीचा आकडा डिस्टिलरीचा, नंतरचा पिंपाचा. त्यांची पहिली डिस्टिलरी ग्लेनफार्क्लास होती. मला ही पद्धत फार आवडते. नाव झाकलं की माणूस आधी वास घेतो, मग मत बनवतो.

३. एका पिंपातून बाटल्या तरी किती निघतात?

पिंप केवढं आणि किती वर्षं ठेवलं यावर आहे. बोर्बनचं (म्हणजे आधी त्या नावाची अमेरिकी व्हिस्की भरलेलं) पिंप साधारण २०० लिटरचं, हॉग्जहेड नावाचं जरा मोठं पिंप २५० चं, शेरीचं (शेरी म्हणजे स्पेनची कडक वाईन) बट नावाचं मोठं पिंप ५०० चं. पण जेवढं भरलं तेवढं निघत नाही, कारण लाकडातून दरवर्षी काही भाग उडून जातो. याला देवदूतांचा वाटा म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये हा वाटा वर्षाला साधारण २ टक्के. म्हणजे २०० लिटरच्या पिंपात १० वर्षांनी १६३ लिटरच्या आसपास उरतात. पाणी न मिसळता ७०० मिलिलिटरच्या बाटल्या भरल्या तर सव्वादोनशेच्या वर थोड्या. आपल्याकडे उष्णतेमुळे हाच वाटा १० टक्क्यांच्या घरात जातो. तेच पिंप इथे पाचच वर्षांत ११८ लिटरवर येतं. स्कॉटलंडला इतकं उडायला सव्वीस वर्षं लागतील. बंगळुरूच्या अमृतने आपल्या आठ वर्षांच्या व्हिस्कीचं नाव 'ग्रीडी एंजल्स' ठेवलं ते याच हावरट देवदूतांवरून.

४. म्हणजे गोव्यातली पाच वर्षांची व्हिस्की स्कॉटलंडच्या पंचवीस वर्षांच्या तोडीची?

हा हिशोब फार लोक करतात आणि तो चुकीचा आहे. पिंपात एका वेळी अनेक गोष्टी चालू असतात. लाकडातून रंग, व्हॅनिला, तुरटपणा उतरणं हे उष्णतेत झपाट्यानं होतं. उडून जाणंही झपाट्यानं होतं. पण आत शिरणाऱ्या हवेशी होणारा संथ बदल, ज्यातून जुन्या व्हिस्कीला सुकामेव्याची, जुन्या लाकडी कपाटाची खोली येते, त्याला वर्षंच लागतात.

म्हणून भारतीय माल्ट लहान वयात पूर्ण वाढलेली असते, पण ती म्हातारी नसते. तिचा ताजेपणा आणि घट्ट गोडवा हा तिचा स्वतःचा गुण आहे. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे. त्यांची पहिली सिंगल माल्ट २०१२ मध्ये लंडनमध्ये बाजारात आली, आणि ती सिंगल कास्कच होती, १६१ क्रमांकाच्या पिंपाची. तैवानच्या कावालान डिस्टिलरीची सोलिस्ट विन्यो बारीक हीसुद्धा एका पिंपाची, उष्ण हवेतली आणि वयानं लहान. २०१५ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट म्हणून तिचीच निवड झाली. वयाच्या आकड्यावरून माप काढायचं असेल तर आधी हवामान विचारा.

५. ग्लास कुठला घ्यायचा?

खाली पोट फुगलेला आणि वर तोंड आवळलेला. वास तोंडाशी गोळा होतो. ग्लेनकेर्न नावाचा २००१ पासून मिळणारा ग्लास यासाठीच बनवलेला आहे. नसेल तर वाईनचा लहान ग्लास घ्या. रुंद, सरळ कडांचा जाड ग्लास आपल्याकडे व्हिस्कीची ओळख झाला आहे, पण त्यातून वास पसरून जातो.

ग्लासपेक्षा त्याच्या धुण्याकडे लक्ष द्या. लिंबाच्या वासाचा भांड्यांचा साबण आणि ओलसर फडकं यांनी मी कितीतरी चांगल्या व्हिस्कीची वाट लागलेली पाहिली आहे. गरम पाण्यानं विसळा आणि उपडा न ठेवता उघड्यावर वाळू द्या.

६. चाखायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सविस्तर सांगा.

पंधरा-वीस मिलिलिटर ओता आणि दहा मिनिटं नुसतं ठेवून द्या. सिंगल कास्कमध्ये अल्कोहोल बरेचदा ५५ ते ६० टक्के असतं, त्याचा पहिला भपका जाऊ द्यावा लागतो.

मग ग्लास हनुवटीपाशी आणा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या. नाक आत खुपसू नका. वाईनसारखं जोरात घुसळूही नका, त्यानं फक्त अल्कोहोल वर येतो आणि नाक बधिर होतं. एकदा वास घेतलात की थांबा, स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, परत या. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला नवीन काहीतरी सापडतं. माझ्या मते अर्धी व्हिस्की नाकातच असते, आणि घाई करणाऱ्याला ती अर्धी कधीच मिळत नाही.

पहिला घोट अगदी थेंबभर. तो चवीसाठी नाही, जिभेला तयार करण्यासाठी. दुसरा घोट जरा मोठा घ्या, जिभेवरून, गालांतून, हिरड्यांवरून फिरू द्या. गिळल्यावर तोंड मिटून नाकानं हळूच श्वास सोडा. घशामागून नाकात जाणाऱ्या या श्वासात खरी चव उघडते. मग ती किती वेळ राहते, कशी बदलत जाते ते पाहा. गोडानं सुरू होऊन सुंठीवर थांबली? की मध्येच सुपारीसारखी तुरट झाली?

यानंतरच पाणी. आणि रिकामा ग्लास लगेच धुऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा वास घ्या. लाकूड, राख, गूळ जे काही तळाशी राहिलं असेल ते अल्कोहोलशिवाय स्वच्छ कळतं.

७. पाणी घालायचं की नाही? एक मित्र म्हणतो थेंबसुद्धा घातला तर पाप.

घाला, पण मोजून. आणि आधी एकदा बिनपाण्याची चाखून.

याला विज्ञानाचाही आधार आहे. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर व्हिस्कीतल्या रेणूंचं वागणं मांडून पाहिलं. धुराच्या वासाचा ग्वायाकॉल नावाचा रेणू त्यांनी तपासला. अल्कोहोल जास्त असताना तो द्रवाच्या आत अल्कोहोलच्या रेणूंमध्ये अडकून राहतो. पाणी घालून प्रमाण उतरलं की तो पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे नाकाच्या जवळ.

हिशोब सोपा आहे. ३० मिलिलिटर, ६० टक्क्यांची व्हिस्की ५० टक्क्यांवर आणायला सुमारे ६ मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे चहाच्या चमच्याहून थोडं जास्त. ४६ वर आणायला सुमारे ९. पण एकदम इतकं ओतू नका. ड्रॉपरनं चार-पाच थेंब घाला, दोन मिनिटं थांबा, वास घ्या, मग पुढचे. एकदा मी ५२ टक्क्यांच्या एका नाजूक बोर्बन पिंपाच्या व्हिस्कीत सवयीनं दोन चमचे ओतले आणि तिची फळांची चव पार विरून गेली. बाटलीतली ती शेवटचीच होती. घातलेलं पाणी काढता येत नाही.

पाणी साधं, क्लोरीनचा वास नसलेलं. फ्रिजमधलं नको.

८. बर्फ? सोडा?

थंडीनं वास बसतो आणि जीभ बधिर होते. एका पिंपाची व्हिस्की ज्यासाठी घेतली तेच झाकलं जातं. सोडा-बर्फासाठी दुसऱ्या चांगल्या व्हिस्की आहेत. मे महिन्यात नागपुरात खोलीच ३८ अंशांवर असेल तर बाटली तासभर थंड खोलीत ठेवा, नाहीतर अल्कोहोलच नाकात भरतो.

९. लोक हीदर, ब्लॅककरंट, टॉफी असं काय काय सांगतात. मला व्हिस्कीचाच वास येतो. माझं नाक खराब आहे का?

नाक उत्तम आहे. शब्द परके आहेत. ज्यानं हीदरचं फूल कधी हुंगलं नाही त्याला ते ग्लासात कसं सापडेल?

आपल्याला वास ओळखता येतो तो आठवणीतून. आणि मराठी घरात वासांची काय कमी आहे! नव्या गुळाची ढेप, काकवी, तुपात भाजलेला रवा, सुकं खोबरं, पुरणात पडलेलं जायफळ, आमसूल, चिंचेचा कोळ, पिकून सांडलेला फणस, मुरांबा, देवघरातला ऊद, चंदनाची सहाण, बंबातली राख, चुलीच्या धुरात काळवंडलेलं छप्पर, पहिल्या सरीनंतरचं अंगण. बोर्बनच्या पिंपातल्या व्हिस्कीत नारळाचा वास येतो तो कल्पनेचा खेळ नाही. ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाची द्रव्यं असतात, त्यांचा वास खरोखर खोबऱ्यासारखा असतो. लाकडातलं लिग्निन जाळल्यावर व्हॅनिलिन सुटतं. केळ्याचा वास आला तर तो किण्वनात तयार झालेल्या एस्टर नावाच्या सुवासिक द्रव्याचा, पिकलेल्या केळ्यातही तेच द्रव्य असतं.

मला आठवतं, आमच्या गटात एक मावशी पहिल्यांदा आल्या होत्या. शेरीच्या पिंपाची व्हिस्की हुंगून त्या म्हणाल्या, "ही तर आजीच्या फडताळातली खारकांची बरणी." आम्ही सगळे तासभर मनुका, अंजीर करत होतो. त्यांचं एका वाक्यात बरोबर होतं.

सवयीसाठी एक करा. स्वयंपाकघरातले मसाल्याचे डबे डोळे मिटून ओळखा, आठवडाभर रोज पाच मिनिटं. मग ग्लास घ्या, आणि दुसऱ्याची टिपणं वाचायच्या आधी स्वतःचे तीन शब्द लिहा. एका पिंपाच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण तुमच्या पिंपावर दुसऱ्या कुणी काही लिहिलेलंच नसण्याची शक्यता मोठी.

१०. डेटॉलसारखा वास येतोय. / काड्यापेटी ओढल्यासारखा वास येतोय. बाटली खराब आहे का?

ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

डेटॉल, टिंक्चर, धूर, सुक्या मासळीची वखार असं काही असेल तर ती बहुधा पीटच्या धुरावर वाळवलेली बार्ली. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेली, अर्धवट कुजलेली वनस्पती. ती जाळली की फिनॉल नावाची उग्र वासाची द्रव्यं सुटतात आणि दाण्याला चिकटतात. स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या आर्डबेग, लाफ्रॉइग, लागाव्हुलिन यांची ओळखच ही आहे. यात दोष काही नाही. पहिल्यांदा त्रास होतो, तिसऱ्यांदा ओढ लागते.

काड्यापेटी, फटाक्यांची दारू, उकडलेलं अंडं, जळकं रबर हे गंधकाचं लक्षण. शेरीच्या पिंपांत हे जास्त आढळतं. रिकामं पिंप बिघडू नये म्हणून त्यात गंधकाची मेणबत्ती जाळण्याची जुनी पद्धत आहे, शिवाय ऊर्ध्वपातनातूनही गंधकाची द्रव्यं येतात. अनेक पिंपं मिसळताना हे झाकलं जातं, एका पिंपात लपायला जागा नसते. थोडं असेल तर खमंगपणा येतो, फार असेल तर दोषच म्हणावा. ग्लासात अर्धा तास उघडी ठेवून पाहा, बरेचदा उतरतं.

ओल्या पुठ्ठ्याचा, तळघराच्या कुबट बुरशीचा वास मात्र बहुधा बुचाचा दोष. तो कशानं जात नाही.

११. गडद रंग म्हणजे जुनी आणि भारी, बरोबर?

नाही. स्कॉचमध्ये साधा कॅरमल रंग घालायला परवानगी आहे. सिंगल कास्कमध्ये सहसा घालत नाहीत, पण तरी गडद रंग वयापेक्षा पिंपाबद्दल जास्त सांगतो. शेरीनंतर पहिल्यांदाच व्हिस्की भरलेलं पिंप पाच वर्षांत चहाचा रंग देईल. तिसऱ्यांदा वापरलेलं पिंप वीस वर्षांनीही गवती पिवळंच ठेवेल, आणि ती विसाची कदाचित जास्त सुरेख असेल.

१२. पाणी घातल्यावर व्हिस्की धुरकट झाली. भेसळ?

भेसळ नाही. व्हिस्कीतली काही तेलकट एस्टर थंडीत किंवा अल्कोहोल साधारण ४६ टक्क्यांच्या खाली गेल्यावर विरघळलेली राहत नाहीत. कंपन्या व्हिस्की थंड करून गाळतात ती हे टाळायला. सिंगल कास्क बहुधा तशी गाळत नाहीत, म्हणून तोंडात ती साईसारखी जाड लागते.

१३. तीच डिस्टिलरी, तेच वय, तेच शेरीचं पिंप. पण मित्राची बाटली वेगळी लागते. नकली तर नाही?

दोन्ही लेबलांवरचा पिंपाचा क्रमांक जुळवा. क्रमांक वेगळा असेल तर चव वेगळी असणारच. शेजारी ठेवलेली, एकाच दिवशी भरलेली दोन पिंपंसुद्धा वेगळी निघतात. लाकूड वेगळ्या झाडाचं, आतून कमी-जास्त जळालेलं, एक गोदामात खाली तर एक वर. गेल्या खेपेला आवडली म्हणून डोळे झाकून त्याच डिस्टिलरीचं दुसरं पिंप घेतलंत, तर निराशेची तयारी ठेवा. क्रमांकही तोच असेल, तर बाटली उघडून किती काळ झाला ते विचारा (प्रश्न १५).

१४. लेबलवर 'सिंगल कास्क' आहे, पण अल्कोहोल ४७-४८ टक्केच. आणि आधी बोर्बनच्या, मग शेरीच्या पिंपात ठेवलीय म्हणे. मग एक पिंप कसं?

दोन गैरसमज एकत्र आलेत.

एक: सिंगल कास्क म्हणजे आपोआप कास्क स्ट्रेंग्थ (पाणी न घालता, पिंपातून निघाली तेवढीच कडक) नव्हे. एका पिंपातली व्हिस्की पाणी घालून ४७-४८ टक्क्यांवर आणली तरी ती एका पिंपाचीच राहते. बॅल्वेनीच्या सिंगल बॅरल मालिकेत ४७.८ टक्क्यांच्या बाटल्या आहेत. उलट कास्क स्ट्रेंग्थ लिहिलेली व्हिस्की अनेक पिंपांची मिसळ असू शकते. आबरलौरची अबूना तशीच.

दोन: पिंप बदलण्याचा प्रश्न खरोखर नाजूक आहे. एका पिंपातली सगळी व्हिस्की दुसऱ्या एका पिंपात हलवली, तर तिला सिंगल कास्क म्हणायला माझी हरकत नाही. पण दोन-तीन लहान पिंपं एका मोठ्या बटमध्ये ओतून, काही महिने ठेवून 'सिंगल कास्क' लिहिलं, तर शब्दाचा जीव गेला. पहिल्या पिंपाचा उल्लेख आहे का आणि बाटल्यांची संख्या पिंपाच्या आकाराशी जुळते का ते तपासा (प्रश्न ३). २०० लिटरच्या पिंपातून दहा वर्षांनी सहाशे बाटल्या निघत नाहीत.

१५. उघडलेली बाटली किती टिकते? फ्रिजमध्ये ठेवू का?

फ्रिज नको. अंधारं, त्यातल्या त्यात थंड कपाट पुरे. बाटली उभी ठेवा. वाईनसारखी आडवी ठेवली तर एवढ्या कडक अल्कोहोलनं बूच झिजतं. अर्ध्याच्या वर भरलेली बाटली वर्षभर छान राहते, कडक व्हिस्की तर पहिल्या महिन्यानंतर जास्त मोकळी होते. तळाशी चौथाई उरली की मात्र हवा भरभर काम करते, आधी फळांचे वास जातात. तेव्हा लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लेबलाला बुरशी येते, म्हणून ते प्लास्टिकनं गुंडाळा.

१६. भाऊ परदेशातून येतोय. किती आणता येईल?

भारतात येताना प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं. विमानात ७० टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल चालत नाही, पण सिंगल कास्क सहसा त्याच्या आतच असते. मध्ये विमान बदलायचं असेल तर ड्युटी-फ्रीची मोहोरबंद पिशवी घरी पोचेपर्यंत फोडू नका. महाराष्ट्रात असं मद्य पिण्यासाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवानाही लागतो.

१७. एका बैठकीत किती?

आम्ही प्रत्येकी १५ मिलिलिटरचे तीन नमुने ठेवतो, त्यापुढे नाही. ६० टक्क्यांच्या ३० मिलिलिटरमध्ये १८ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतो, ४० टक्क्यांच्या तेवढ्याच पेगमध्ये १२. म्हणजे दोन पेगांत तीन पेगांचं काम होतं, आणि चव गोड असल्यानं ते कळत नाही. चाखून थुंकण्यात कमीपणा नाही, त्यासाठी भांडं ठेवा. आधी जेवा, मध्ये पाणी प्या, घरी रिक्षानं जा. औषधं चालू असतील, यकृताचा त्रास असेल किंवा गर्भारपण असेल तर नुसता वास घ्या. तोही मोठा आनंद आहे.

१८. सोबत खायला काय?

चाखताना काहीच नको, फार तर साधी पोळी किंवा बिनमिठाचे काजू. कांदा, लसणाची चटणी, शेव-चिवडा यांनी जीभ तासभर कामातून जाते. चाखून झाल्यावर मात्र शेरीच्या पिंपासोबत गोव्याची बेबिंका खाऊन पाहा, आणि पीटच्या धुराच्या व्हिस्कीसोबत भाजलेला सुका बांगडा.

१९. आवडलेली बाटली संपली. तीच पुन्हा कुठे मिळेल?

त्या पिंपाच्या बाटल्या बाजारात उरल्या असतील तर लिलावात, चढ्या किमतीत. नाहीतर नाही. पिंप रिकामं झालं की त्यात दुसरी व्हिस्की भरतात. मी प्रत्येक बाटलीतले शेवटचे ३० मिलिलिटर काचेच्या छोट्या कुपीत काठोकाठ भरून, वर पिंपाचा क्रमांक आणि माझे तीन शब्द लिहून ठेवतो. सध्या कपाटात अशा एकेचाळीस कुप्या आहेत. खारकांच्या बरणीची त्या मावशींना देऊन टाकली.